चावी फिरवली की मागच्या सीटखालून 'घूंऽऽ'... जुन्या गाडीचा पंप खरंच ई२० मुळे ओरडतोय का?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की चितेगावनंतर बिडकीन लागतं. या गावाचं नाव सध्या गाड्यांच्या बातम्यांमध्ये वरचेवर दिसतं. इथे ७,८५५ एकरांवर औद्योगिक क्षेत्र उभं राहतंय, त्याचं लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच्या दोन महिने आधी टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार राज्य सरकारसोबत केला. एथरने इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्यासाठी बिडकीनच निवडलं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक, म्हणजे उद्याच्या गाड्या इथे बनायच्या आहेत.

पण आज त्या रस्त्यावर धावतात त्या कालच्या गाड्या. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातली अल्टो, वॅगन आर, सँट्रो. बारा-पंधरा वर्षं झालेली, लाखभर किलोमीटर कधीच पार केलेली. घरात लग्न असो की दवाखाना, हीच गाडी निघते. अशा गाडीच्या मागच्या सीटखालून एक दिवस 'घूंऽऽ' असा सतत आवाज यायला लागतो आणि हल्ली त्याचं निदान आधीच तयार असतं. ई२० पेट्रोलनं पंप खाल्ला.

२०२५ च्या ऑगस्टपासून हे वाक्य व्हॉट्सअॅपवर, रील्सवर आणि गॅरेजच्या बाकड्यावर इतक्या वेळा बोललं गेलंय की पंप उघडून बघायची गरजच कुणाला वाटत नाही. ई२० मुळे काहीच होत नाही, हे सरकारचं म्हणणंही तितकंच सरसकट आहे. गाडी मात्र रोज सकाळी ओरडते आणि तिचा मालक काही हजारांचा पंप घ्यायचा की नाही या विचारात असतो.

तर आधी आवाज समजून घेऊ, ई२० चं नंतर बघू.

हा पंप असतो कुठे आणि करतो काय?

कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांना, म्हणजे पद्मिनी, अॅम्बेसेडर, सुरुवातीच्या मारुती ८०० यांना, पंप इंजिनला चिकटलेला असायचा. इंजिनच्याच जोरावर आतला रबरी पडदा वरखाली व्हायचा आणि टाकीतून पेट्रोल ओढायचा. तो बिघडला की मिस्त्री रस्त्यातच खोलायचा, पडदा बदलायचा आणि गाडी पुढे जायची.

इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय गाड्या आल्या तसा हा पंप थेट टाकीच्या आत गेला. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये मागची सीट उचलली की पत्र्याचं किंवा रबराचं झाकण दिसतं, त्याखाली तो असतो. बारा व्होल्टची छोटी मोटर, तिच्या टोकाला दात असलेली एक बारीक चकती, खाली कापडासारखी जाळी. चकती वेगाने फिरते आणि साधारण तीन बार दाबाने पेट्रोल इंजिनकडे ढकलते. गाडीच्या टायरमध्ये हवा भरतात ती दोन-सव्वादोन बार, त्यावरून अंदाज यावा.

यातली खरी गंमत अशी की ही विजेची मोटर पेट्रोलात बुडालेली असते आणि त्यातच तिचा जीव असतो. पेट्रोलच तिला थंड ठेवतं आणि तिचं वंगणही तेच. पाण्यातली मोटर विहिरीतलं पाणी खाली गेल्यावर जशी तापते, तसंच इथेही होतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिला प्रश्न ई२० चा नाहीच. गाडीत पेट्रोल किती असतं, हा आहे. पाचशेचं टाकायचं, काटा लाल पट्टीवर आला की पुन्हा पाचशेचं, अशी सवय असलेल्या गाडीचा पंप आयुष्याचा मोठा भाग अर्धवट उघडा राहून काढतो. एप्रिल-मेमधला मराठवाडा, खालून तापलेला डांबरी रस्ता आणि टाकीत तीन-चार लिटर पेट्रोल. यात पंपाचं आयुष्य घटतं. यात मालकाचा निष्काळजीपणा फारसा नसतो, हेही खरं. टाकी फुल्ल करणं हा ज्याच्या त्याच्या खिशाचा विषय आहे.

दुसरा असाच न दिसणारा मारेकरी म्हणजे बाहेरून बसवलेलं गॅस किट. गाडी सीएनजीवर किंवा एलपीजीवर चालत असताना पेट्रोलचा पंप बंद राहायला हवा. किट बसवताना त्यासाठीची वायरिंग केलेली नसेल तर पंप आत फिरतच राहतो. गाडी गॅसवर आहे म्हणून मालक पेट्रोल नावापुरतं ठेवतो. ते महिनोन्महिने पडून खराब होतं, पंप त्यातच घुसळत राहतो, आणि एक दिवस गॅस संपल्यावर पेट्रोलवर टाकली की गाडी जागची हलत नाही.

आवाज नेमका कसला?

चावी 'ऑन'वर केली, सेल्फ मारला नाही, तर मागून दोन-तीन सेकंद हलकी गुणगुण येते आणि थांबते. ती यायलाच हवी. पंप इंजिनकडच्या पाइपात दाब भरून घेतो आणि कॉम्प्युटरला इंजिन फिरताना दिसत नाही म्हणून तो पंपाला थांबवतो. ही गुणगुण पहिल्यांदाच ऐकून घाबरलेले लोक कमी नसतात. सीटखालचा कार्पेट झिजला, झाकणाचं रबर कुणीतरी काढून फेकलं, एवढ्यानेही तोच जुना आवाज नवा वाटतो.

आता आवाज खरंच वाढलाय असं वाटत असेल तर तो पंपाचाच आहे का, हे आधी ठरवायचं. एकाने पुढे बसून चावी फिरवायची, दुसऱ्याने मागच्या सीटला कान लावायचा. मग इंजिन चालू करून गाडी जागेवरच ठेवून रेस द्यायची. रेस वाढली की आवाजही चढतो आणि सोडली की उतरतो, असं असेल तर संशय अल्टरनेटरवर किंवा पट्ट्यावर घ्यावा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर पॉवर स्टिअरिंग बघावं. गाडी पळायला लागल्यावरच येतो, वेग वाढला की वाढतो, तर चाकाचं बेअरिंग. समोरून 'टिक टिक टिक' येत असेल तर ते बहुतेक वेळा इंजेक्टर, आणि ते तसेच वाजतात.

पेट्रोल पंपाचा आवाज या सगळ्यांहून वेगळा ओळखता येतो, कारण जुन्या छोट्या गाड्यांमध्ये तो रेसकडे लक्ष देत नाही. त्याला सरळ बॅटरीचा करंट मिळतो आणि तो एकाच वेगाने फिरतो. इंजिन सुरू झाल्यावर चार्जिंगमुळे व्होल्टेज बारावरून चौदाच्या आसपास जातं तेवढाच त्याचा सूर किंचित चढतो.

आवाज पंपाचाच आहे हे ठरलं, तरी पंप खराब आहे हे अजून ठरलेलं नसतं. इथेच बहुतेक पैसे वाया जातात.

काटा खाली असताना आवाज वाढतो आणि अर्धी टाकी भरल्यावर दबतो, तर पंप अजून जगू शकतो, त्याला फक्त बुडालेलं राहायचंय. टाकी भरलेली असतानाही उंच सुरात कण्हतो, चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी गचके खाते, तर आधी जाळी आणि फिल्टर. जाळी कचऱ्याने भरली की चकतीला पेट्रोल पुरत नाही. स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढताना जसं होतं, तसा पंप ओढत राहतो, पेट्रोलात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि तोच तो कण्हण्याचा आवाज. फिल्टर पुढे तुंबला असेल तरी पंपावर तसाच ताण येतो. अनेक गाड्यांमध्ये फिल्टर टाकीच्या बाहेर, पाइपात असतो आणि तो शेवटचा कधी बदलला हे तिसऱ्या मालकाला ठाऊक असणं अवघडच.

टाकीचं झाकण उघडताना जोरात 'फुस्स' झालं आणि त्यानंतर आवाज कमी झाला, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद झालेला असू शकतो. पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर पंप निर्वात पोकळीशी झगडत बसतो. हा दोष झाकणात असेल तर नवं झाकण आणलं की काम झालं.

खडखड किंवा थरथर येत असेल तर पंपाला बसवणारे रबर कडक होऊन तुटले असतील, किंवा पाइप पत्र्याला टेकला असेल. पंप शांतच असतो, वाजतो तो पत्रा.

मग राहते वीज. जुन्या गाडीत पंपाच्या कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, अर्थची तार गंजते, रिले जळकट होतो. बॅटरीवर बारा व्होल्ट दिसतात आणि पंपापाशी दहा पोहोचतात. असा पंप सुरात घसरतो, कधी चालतो, कधी नाही. यात मल्टिमीटर लावून, पंप चालू असतानाच, त्याच्या पिनांवर व्होल्टेज बघावं लागतं. पंप काढून बॅटरीला थेट जोडला आणि मस्त फिरला, म्हणून पंप चांगला, ही गॅरेजमधली आवडती चाचणी अर्धवट आहे. पेट्रोल ढकलताना तो किती दाब देतो, हे त्यात कळत नाही. शिवाय पेट्रोलात भिजलेला पंप उघड्यावर ठिणगी पाडून चालवणं हा भलताच धोका.

खरा निकाल लागतो तो प्रेशर गेजवर. इंजिनकडच्या पाइपला गेज लावायचा, गाडी चालू करायची, कंपनीने सांगितलेला दाब येतो का बघायचं, आणि गाडी बंद केल्यावर तो किती वेळ टिकतो तेही बघायचं. दाब येतो पण लगेच गळतो, तर एकमार्गी वाल्व्ह गेला आणि सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो. दाबच येत नाही आणि जाळी, फिल्टर, वीज तपासून झालंय, तर मग पंप. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. गेज नसलेला मिस्त्री आवाजावरून पंप बदला म्हणतो तेव्हा तो अंदाज बांधत असतो. अनुभवी माणसाचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, पण चुकला तर पंपाचे पैसे मालकाचे जातात.

(सीटखालचं झाकण उघडून घरच्या घरी हे करायचा मोह टाळलेला बरा. पाइपात दाब असतो, पेट्रोल अंगावर उडतं आणि बंद गाडीत वाफ साठते. कान लावणं, काटा बघणं, झाकण उघडणं, इथपर्यंतचं घरी करावं.)

मग ई२० चा काही संबंध आहे की नाही?

आहे, पण रीलमध्ये सांगतात तसा नाही.

आधी थोडा इतिहास. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी १.५३ टक्के होतं. जून २०२२ मध्ये १० टक्के झालं. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई२० पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०३० चं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच देशभर २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. ई२० सोसणारे रबर, प्लॅस्टिक आणि धातू वापरलेल्या गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. त्याआधीच्या गाड्यांना ई२० चालतं का, हा वाद तिथून सुरू होतो.

इथेनॉल पंपापर्यंत तीन वाटांनी पोहोचतं. पहिली वाट साफसफाईची. इथेनॉल चांगला द्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतींना वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर तो सोडवतो आणि तो थर जाऊन बसतो जाळीत. म्हणजे पंप खराब नसतानाही कण्हायला लागतो. दुसरी वाट रबराची. काही जुन्या प्रकारचं रबर आणि प्लॅस्टिक इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं किंवा पुढे कडक होऊन चिरतं. पंपाचे ओ-रिंग, पाइप, खालचे टेकू यात येतात. तिसरी वाट विजेची. पंपाच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा वीज जास्त वाहतं, त्यामुळे तांब्याची झीज वाढू शकते. इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्या पंपांमध्ये म्हणूनच तांब्याऐवजी कार्बनच्या पट्ट्या वापरतात.

पाण्याचं काय? 'ई२० हवेतलं पाणी शोषतं आणि टाकीत पाणी साचतं' हे सर्वात जास्त फिरलेलं वाक्य. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. पण इथेनॉल जितकं जास्त, तितकं जास्त पाणी ते वेगळं न होता धरून ठेवतं, हा भाग रीलमध्ये येत नाही. नुसत्या दमट हवेने रोज वापरातल्या गाडीत थर वेगळे होणं कठीण. खरंखुरं पाणी आत शिरलं, म्हणजे झाकणातून पाऊस गेला किंवा पेट्रोल भरतानाच पाणी आलं, तर मात्र इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते. महिनोन्महिने उभ्या असलेल्या, पत्र्याची टाकी आतून गंजलेल्या गाडीला हा धोका जास्त.

याच गोंधळातून बाटलीचा व्हिडिओ आला. पेट्रोलात पाणी ओतायचं, हलवायचं आणि खाली वाढलेला थर दाखवून 'बघा किती भेसळ' म्हणायचं. शंभर मिली ई२० मध्ये दहा मिली पाणी टाकलं तर खालचा थर तिसाच्या आसपास जातो, कारण पेट्रोलातलं वीस टक्के इथेनॉल पाण्यासोबत खाली येतं. यातून कळतं ते इथेनॉलचं प्रमाण. भेसळीबद्दल त्यातून काहीही कळत नाही. पाणी न टाकता, काचेच्या स्वच्छ बाटलीत नुसतं पेट्रोल ठेवलं आणि तळाला वेगळा थर दिसला, तर ती काळजीची गोष्ट. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर, घनता आणि पाच लिटरच्या मापाची चाचणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे.

आता सरकारी बाजू. पेट्रोलियम मंत्रालयाने ४ ऑगस्ट २०२५ ला निवेदन काढलं. त्यात पुण्याच्या एआरएआयसह देहरादूनची आयआयपी आणि इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाच्या चाचण्यांचा आधार देऊन सांगितलं की जुन्या गाड्यांमध्येही कामगिरीत लक्षणीय फरक किंवा असाधारण झीज आढळली नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यासांचाही दाखला दिला. गाड्यांच्या पहिल्या एक लाख किलोमीटरमध्ये दर दहा हजारांनी तपासणी केली, फरक दिसला नाही.

'पहिल्या एक लाख' हे शब्द पुन्हा वाचायला हवेत. बिडकीनच्या रस्त्यावरची पंधरा वर्षांची अल्टो दुसऱ्या लाखात आहे. तिचं रबर आधीच वाळलंय, टाकीत आधीच थर आहे, पंप आधीच झिजलाय. नवीन गाडीवर वीस टक्के इथेनॉल काय करतं आणि थकलेल्या गाडीवर काय करतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्याच निवेदनात एक कबुलीही आहे. काही जुन्या गाड्यांमध्ये २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं, असं त्यात म्हटलंय. कोणत्या मॉडेलचे कोणते भाग, हे त्यात नव्हतं. मालकाला खरी गरज त्याच यादीची होती.

मायलेजचं गणित त्यामानाने सोपं आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये दिलेल्या आराखड्यातही इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट सांगितली होती. म्हणजे पंधराची गाडी चौदा देईल. बाराच्या खाली आली असेल तर ई२० च्या नावाने बिल फाडण्याआधी प्लग, एअर फिल्टर आणि टायरची हवा बघावी.

ई२० नव्हतं तेव्हाही पंप जात होते

जून २०२० मध्ये होंडाने ६५,६५१ गाड्या इंधन पंप बदलायला परत बोलावल्या. पुढच्याच महिन्यात मारुती सुझुकीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या त्याच कारणासाठी बोलावल्या. दोन महिन्यांत दोन लाख गाड्या, आणि तेव्हा देशातलं इथेनॉल पाच टक्क्यांच्या घरात होतं. एप्रिल २०२१ मध्ये होंडाने आणखी ७७,९५४ गाड्या बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये मारुतीने २०१९ मध्ये बनलेल्या १६,०४१ बलेनो आणि वॅगन आर. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा होंडा, या वेळी ९०,४६८ जुन्या गाड्या.

होंडाच्या प्रकरणात दोष होता पंपातल्या त्या दातेरी चकतीत. चकती बिघडली की इंजिन चालता चालता बंद पडतं किंवा सुरूच होत नाही. टोयोटानेही २०२० पासून अमेरिकेत आणि इतरत्र लाखो गाड्या अशाच कारणासाठी बोलावल्या होत्या. चकतीचं प्लॅस्टिक पेट्रोल शोषून फुगायचं आणि पंपाच्या कवचाला घासायचं. हे साध्या पेट्रोलातही होत होतं.

यातून एक काम लगेच करण्यासारखं निघतं. २०१७ ते २०२० च्या दरम्यानची होंडा किंवा २०१९ च्या आसपासची वॅगन आर, बलेनो असेल आणि पंप ओरडत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघावा. रिकॉलमध्ये असेल तर पंप फुकट बदलून मिळतो, गाडी कितव्याही मालकाकडे असली तरी. पहिल्या मालकाला आलेलं पत्र दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून असे कितीतरी पंप अजून फिरत असण्याची शक्यता आहे.

कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला सक्तीने गाड्या परत बोलवायला लावू शकतं, पण नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. त्याहून जुन्या गाडीचा मालक कंपनीच्या मर्जीवर.

खर्च कुणाच्या खिशातून?

या वादाचं खरं मूळ इथे आहे. सप्टेंबर २०२५ च्या पहिल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका फेटाळली. केंद्राने तिथे ऊस उत्पादकांच्या फायद्याचा मुद्दा मांडला होता. तो मुद्दा पोकळ नाही. जायकवाडीच्या पाण्यावर पैठण तालुक्यात ऊस आहे. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे मका आहे, आणि २०२३-२४ पासून देशातलं इथेनॉल उसापेक्षा धान्यातून, त्यातही मक्यातून, जास्त येऊ लागलं. त्याला कारणही होतं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं घातली आणि ती ऑगस्ट २०२४ अखेर उठवली.

म्हणजे एकाच घरात मक्याला इथेनॉलचं गिऱ्हाईक मिळालं म्हणून समाधान असू शकतं आणि दारातल्या गाडीचा पंप गेला म्हणून चिडचिडही.

ही चिडचिड निव्वळ गैरसमजातून आलीय असं म्हणून सोडून देता येत नाही. ऊर्जा कमी मिळणार म्हणून ग्राहकाला भरपाई म्हणून करात सवलत द्यावी, असं नीती आयोगाच्या समितीनेच सुचवलं होतं. मंत्रालयाने १२ ऑगस्ट २०२५ ला उत्तर दिलं की तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१.३२ रुपये लिटर पडतं, म्हणजे रिफायनरीतल्या पेट्रोलपेक्षा महाग. शेतकऱ्याला भाव मिळाला, परकीय चलन वाचलं, हे फायदे देशाचे. सहा-सात टक्के मायलेज आणि रबरी भागांचा खर्च ज्याची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची त्याचा. नवीन गाडी घेणाऱ्याला हा खर्च नाही. जो नवीन घेऊ शकत नाही, त्यालाच आहे, आणि पंपावर त्याला दुसरी नळीही नाही. टाकी अर्धी भरलेली ठेवा हा तंत्रज्ञाचा सल्लाही त्याच माणसाला सर्वात जड जातो.

ई२० ने आपला पंप बिघडवला हे एखाद्या मालकाला सिद्ध करायचं असेल तर ते जवळपास अशक्य आहे, कारण पंप बदलल्यावर जुना पंप कुणी बघतच नाही. तो गॅरेजच्या कोपऱ्यातल्या भंगारात जातो. म्हणून बदलायची वेळ आलीच तर जुना पंप आणि जाळी परत मागून घ्यावी आणि मिस्त्रीसोबत उजेडात बघावी. जाळीवर तांबूस पूड असेल तर टाकी आतून गंजलीय. तपकिरी चिकट थर असेल तर जुना साका सुटून आलाय, हे इथेनॉलने घडवलेलं असू शकतं. ओ-रिंग फुगून आपल्या खाचेत बसत नसेल, तर रबर इथेनॉलला सोसलेलं नाही. जाळी स्वच्छ, रबर धड आणि तरीही मोटर घासून वाजतेय, तर ती वयाने किंवा उष्णतेने गेली.

पहिल्या दोन प्रकारांत टाकी न धुता आणि जुनीच जाळी लावून नवा पंप बसवला, तर काही आठवड्यांत तोही कण्हायला लागतो. तेव्हा मिस्त्री म्हणतो, 'पार्टच डुप्लिकेट आला', दुकानदार म्हणतो, 'पेट्रोलच खराब', आणि मालक पुन्हा मागच्या सीटला कान लावून बसतो.